अशुद्ध देवराव, शुद्ध गुलाब

"थांबा, रजिस्टरले विचारू," असं म्हणत आमच्या शाळेचे बाबूजी खुर्चीतून उठले, की समोरच्याने आपली पुढची बस चुकली असं समजून घ्यावं. ते आधी नळावर जाऊन हात धुणार, पंच्याला पुसणार, कपाट उघडणार आणि गरम पातेलं आणावं तसं जपून आल्या-गेलेल्या मुलांचं दाखल-खारीज रजिस्टर टेबलावर आणणार. मग चष्मा. मग पान. मग ओळीवर पट्टी. त्यानंतरच त्या रजिस्टरला काय म्हणायचं आहे ते आपल्याला कळणार.

बाबूजी म्हणजे शाळेचे मोठे लिपिक. मी तिथे मराठी शिकवत होते, आणि माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडेच त्यांचं ऑफिस होतं. असा माणूस तुमच्याही कचेरीत एखादा असेलच, पण आमचा जरा जास्त होता. एकदा एक गृहस्थ मुलाची टीसी न्यायला आले. मुलगा शेजारीच उभा. रजिस्टरात वडिलांच्या नावात एक काना कमी होता. गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, मी बाप आहो याचा!" बाबूजी शांतपणे म्हणाले, "ते मले दिसून राहिलं न जी. नाक सारखंच आहे. पण रजिस्टरले नाक दिसत नाही."

हा कायदा ते स्वतःलाही लावायचे. एके दिवशी ते सकाळी हजेरीपटावर सही करायला विसरले. दिवसभर काम केलं, संध्याकाळी ध्यानात आलं. मी म्हटलं, आता करून टाका. तर त्यांनी स्वतःच्या नावापुढे रजा मांडली. "मी होतो मॅडम, पण नोंद नाही. म्हणजे नव्हतो." त्या दिवशी त्यांनी लिहिलेली तीन पत्रं मग कोणी लिहिली, असं मी विचारलं. त्यावर ते गंभीरपणे जावक वही काढून तपासू लागले.

तीनेक वर्षांपूर्वी आमचे मुख्याध्यापक सुट्टीत कुठेतरी फिरायला गेले. तिथल्या एका शाळेत त्यांना माजी विद्यार्थी असलेल्या सैनिकांचं स्मारक दिसलं. परत आले ते मोबाईलभर दगडाचे फोटो घेऊन. त्यांची बायको-मुलं त्यातल्या एकाच फोटोत होती, तीही कडेला. शाळेचा महोत्सव जवळ आला होता. सरांनी जाहीर केलं, आपल्याकडेही काळ्या दगडावर नावं कोरायची, ज्यांनी ज्यांनी फौजेत सेवा केली त्या सगळ्यांची. समिती तिघांची. अध्यक्ष सर स्वतः, नोंदींसाठी बाबूजी, आणि शुद्धलेखनासाठी मी.

सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर गेली आणि माणसं येऊ लागली. पहिलेच आले ते सदर बाजारातले एक दुकानदार. त्यांचं म्हणणं, त्यांच्या दुकानातून वर्षानुवर्षं फौजी लोकांच्या टोप्या आणि बिल्ले जात होते, तेव्हा तीही सेवाच. सर विचारात पडले. बाबूजी हात धुऊन आले. रजिस्टरने सांगितलं की हे गृहस्थ पाचवीतून 'सतत गैरहजर' म्हणून कमी झाले होते. बाबूजी म्हणाले, "शेटजी, शाळेतच नाही आले तुम्ही. फौजेत कधी गेले?"

दुसरे आले ते पलटणीत सोळा वर्षं स्वयंपाकी होते. सरांना ते दगडावर शोभेलसं वाटेना. "स्मारकावर स्वयंपाकी, म्हणजे..." बाबूजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "काहून सर? जवान उपाशी लढते काय?" स्वयंपाकी यादीत गेले. मग एक खेचरं सांभाळणारे आले, एक न्हावी आले, दोन ड्रायव्हर आले. रजिस्टर सगळ्यांना ओळखत होतं.

पेच पडला तो बेसा गावच्या एका सुभेदारांमुळे. त्यांच्यामुळे म्हणजे त्यांच्या बायकोमुळे. सुभेदार बिचारे खुर्चीत गप्प बसून होते.

"माहा नवरा धडधाकट आहे," बाई म्हणाल्या. "सकाळी पाच किलोमीटर चालते. त्याचं नाव दगडावर? काहून? येणाराजाणारा फुलं वाहीन न त्याले!"

सरांनी सांगून पाहिलं की हा सन्मान आहे, ही समाधी नाही. बाई ऐकेनात. शेवटी बाबूजींनी तोडगा काढला. नावापुढे कंसात 'हयात' लिहायचं. बाईंचं समाधान झालं. पण ही बातमी पसरली आणि सगळ्यांच्याच बायकांचे फोन आले, आमच्याही यांच्यापुढे हयात पाहिजे. सर म्हणाले, ठीक आहे, सगळ्यांपुढे कोरा. तेव्हा दगड कोरणाऱ्या मिस्त्रीने हिंदीत एक साधा प्रश्न विचारला, "और बाद में?"

दगडावर खोडता येत नाही.

बाबूजींनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी ते म्हणाले, "नावं कोरू. हयात रंगानं लिहू. दर नोव्हेंबरात हे लोक पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतेच, एक झेरॉक्स आपल्याले देतील. दाखला आला का रंग ताजा करू. नाही आला, तर घरी फोन करून इचारू." आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या शाळेत आजही नोव्हेंबरात ही माणसं येतात, झेरॉक्स देतात आणि आपल्या नावापुढचा शब्द पांढऱ्या रंगाने ताजा होत असताना समोर उभी राहून पाहतात.

पण सरांच्या मनात वेगळीच खंत होती. एक दिवस ते हळूच म्हणाले, "बाबूजी, आपल्या शाळेतून गेलेल्यांपैकी... म्हणजे शहीद असं कोणीच नाही?"

"नाही हे चांगलंच आहे न सर."

"चांगलंच आहे हो. पण स्मारक म्हटल्यावर..." आपण काय बोलतो आहोत हे लक्षात येऊन सर खिडकीबाहेर पाहू लागले.

आणि आठच दिवसांत माजी विद्यार्थ्यांची माहिती विचारायला सरांनी सैनिकांच्या कार्यालयाला पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं. त्यात एक नाव होतं. देवराव, मुक्काम खापा, आमच्या शाळेची टीसी. उत्तरेच्या सीमेवर ड्यूटीवर असताना बर्फाचा कडा कोसळून गेला होता, पस्तीस-छत्तीस वर्षं झाली होती. सर इतके हरखले की पेढे सांगायला उठले आणि दारातच थबकून परत येऊन बसले. "बाबूजी, रजिस्टर बघा जरा."

बाबूजी उठले. नळावर गेले. मला बाहेरून नळाच्या पाण्याचा आवाज येत राहिला, खूप वेळ. मग ते परत येऊन आपल्या खुर्चीत बसले. कपाटाकडे गेलेच नाहीत.

"असन," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत बाबूजींच्या तोंडून 'असेल' हा शब्द मी ऐकला नव्हता.

देवरावच्या घरच्यांना आमंत्रण द्यायला सरांनी आम्हा दोघांना खाप्याला पाठवलं. बाबूजींनी आधी पोटाचं कारण सांगितलं, मग कामाचं. शेवटी आले. एसटीत ते सबंध वाट हातातलं तिकीट वाचत होते, जणू त्यावर काही लांबलचक मजकूर असावा.

घर कन्हान नदीच्या बाजूला, गावाच्या टोकाला होतं. अंगणात पन्नाशीच्या पलीकडचे एक गृहस्थ वांगी निवडत बसले होते. "हेच गुलाबराव, देवरावचे लहान भाऊ," असं रस्ता दाखवणाऱ्याने सांगितलं. आत भिंतीवर फौजी टोपीतल्या एका पोराचा फोटो होता. फोटोखाली लिहिलं होतं, देवराव. मिसरूडही नीट फुटलेली नव्हती. मी सगळं सांगितलं. शाळा, दगड, सर्वांत वर तुमच्या थोरल्या भावाचं नाव. ते ऐकत होते, पण पाहत होते बाबूजींकडे.

"मॅडम," ते म्हणाले, "देवराव मी आहो."

त्यांची सून चहा घेऊन येत होती. ती चौकटीतच उभी राहिली.

"मेला तो गुलाब. लहान होता माह्यापेक्षा दोन वर्षांनं. भरतीचं वय भरत नव्हतं त्याचं, सोळाच वर्षांचा होता. माहं भरत होतं, पण मले जाचं नव्हतं. तो माही टीसी घेऊन गेला. म्हणे, दादा, तुह्या नावानं जातो, दोन सालानं सांगून टाकीन. सांगाची पाळीच आली नाही. तार आली ते देवराव मेला म्हणून. माय गोठ्यात आली, मी गाईले चारा टाकून राहिलो होतो. म्हणे, देवराव तर इथे आहे, मग मेला कोण?"

"मग तुम्ही..."

"सरकारात देवराव मेला न जी. मेलेल्यानं जगाव कसं? उरलं ते गुलाबचं नाव. गावाले माहीत होतं, गाव काही बोललं नाही. म्हातारे होते ते गेले, बाकीच्यायले मी गुलाबच. लग्नपत्रिकेत गुलाब, राशन कार्डावर गुलाब, आधार गुलाब. लग्नात बायकोनं उखाण्यात गुलाबरावांचं नाव घेतलं, तर मी मागे वळून पाह्यलं, आला काय हा म्हणून."

कोणीच हसलं नाही. मग तेच थोडं हसले.

बाबूजी उभे राहिले, शाळेतलं पोर उभं राहतं तसे. "टीसी मी देली होती," ते म्हणाले. "नोकरीचा दुसरा महिना होता माहा. तुम्हा दोघायले मी चेहऱ्यानं ओळखत होतो. खिडकीत गुलाब उभा होता, आणि सही त्यानं देवराव म्हणून केली. मी पाहून राहिलो होतो."

"माहीत आहे मले," देवराव म्हणाले. "घरी येऊन सांगत होता न तो. म्हणे, बाबू लय चांगला आहे दादा, काहीच नाही विचारलं त्यानं."

बाबूजी परत बसले. सुनेने पुढे येऊन त्यांच्या हातात चहा दिला आणि कप तिनेच धरून ठेवला, कारण त्यांना तो धरता येत नव्हता.

निघताना देवराव फाटकापर्यंत आले. "एक काम करा. दगडावर त्याचं नाव टाका. सारी जिंदगी मी वापरलं. आता वापस द्याव म्हणतो."

दुसऱ्या दिवशी सरांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्यांच्याही बोलण्यात अर्थ होता. फौजेच्या कागदावर देवराव. आपण गुलाब लिहिलं तर चौकशी लागेल, तुम्ही-आम्ही, तो माणूस, सगळे अडकतील. "आणि मुख्य म्हणजे, बाबूजी, कागदावर गुलाब हयात आहे! त्याला शहीद कसा करणार?"

बाबूजींनी वाद घातला नाही. आपल्या टेबलावर जाऊन त्यांनी सुवाच्य अक्षरात स्वतःविरुद्ध एक तक्रारअर्ज लिहिला. शाळेतील लिपिकाने अमुक प्रसंगी जाणूनबुजून चुकीच्या व्यक्तीला दाखला दिला, सबब त्याची चौकशी व्हावी. तो अर्ज त्यांनी खिडकीतून आत स्वतःलाच दिला, आत येऊन स्वीकारला, शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि सरांपुढे ठेवला. निवृत्तीला चार महिने उरले होते.

"बाबूजी, वेड लागलं का? घ्या तो परत!"

"आवक झाली सर. नंबर पडला."

"फाडून टाकतो मी."

"फाडा. नंबर राहतेच."

सरांनी अर्ज खणात टाकला आणि कुलूप लावलं. नाव देवरावच राहील, असं निक्षून सांगितलं.

दोन दिवसांनी मिस्त्रीचा फोन आला. दगडावर खडूने अक्षरं मांडून झाली होती. छिन्नी लावायच्या आधी शुद्धलेखन तपासून कोणीतरी सही करायची होती. ते माझं काम. मी निघाले तर बाबूजी फाटकाशी छत्री घेऊन उभे. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं.

रिक्षात ते म्हणाले, "मॅडम, एक विचारू? शुद्धलेखनाची चूक जास्तीत जास्त किती मोठी असू शकते?"

"म्हणजे?"

"म्हणजे वेलांटी चुकते. उकार चुकते. अख्खा शब्द चुकू शकते काय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर पाहत होते. आयुष्यभर एका कान्यासाठी लोकांना परत पाठवणारा माणूस मला हे विचारत होता.

मिस्त्रीच्या शेडमध्ये तो काळा दगड भिंतीला टेकून होता. मी वरपासून तपासत गेले. सुभेदारांच्या आडनावाचा एक उकार दीर्घ केला. मग मिस्त्रीने दिलेल्या कागदावर, जिथे दुरुस्त्या लिहायच्या होत्या, तिथे दोन रकाने आखले, वर्गात फळ्यावर आखते तसे. अशुद्ध: देवराव. शुद्ध: गुलाब. खाली सही केली.

मिस्त्रीने कागद वाचला, दगड वाचला, पुन्हा कागद वाचला. "मॅडम, इसमें तो पूरा नाम ही गलत था!"

"होतं असं," बाबूजी म्हणाले. त्यांनी स्वतः ओला फडका घेतला आणि खडूचा देवराव पुसला. फार हळू पुसला.

अनावरणाच्या दिवशी दगडावर कापड होतं. सरांनी दगड आधी पाहिला नव्हता, कारण शुद्धलेखनाबाबत त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड पडलं, टाळ्या झाल्या. पाहुणे छापील भाषणातून 'वीर देवराव' वाचत होते. मध्येच त्यांची नजर दगडावर गेली आणि ते अडखळले. मग दोन्ही नावं एका श्वासात घेऊन पुढे गेले. सरांचं मात्र अजून लक्ष नव्हतं. त्यांनी माईकवर पुकारलं, "आता मी शहीदांचे धाकटे बंधू श्री. गुलाबराव यांना विनंती करतो..."

देवराव शाल घ्यायला उठले. आणि पहिल्या रांगेतून बेशाच्या सुभेदारीणबाईंचा खणखणीत आवाज आला, "अवो, गुलाबराव तर हे काय आले! यायच्यापुढे हयात लिहाचं राहिलं न!"

मैदान हसलं. सर दगडाकडे वळले. मग माझ्याकडे. मी दगडावरच्या सुभेदारांच्या उकाराकडे पाहत राहिले. रंगाचा डबा घेऊन कोणीतरी खरोखरच पुढे निघालं, तेव्हा देवरावांनी हात वर केला आणि माईकपाशी गेले.

"बाई, तो हयात नाही," ते म्हणाले. "तो माहा लहान भाऊ होता. बरोबर लिहिलं आहे. मी..." इथे ते थांबले. मागे उभे असलेले बाबूजी हलकेच म्हणाले, "सांगा न." तेव्हा ते म्हणाले, "मी देवराव."

शाल देताना कोणाच्या नावाने टाळ्या वाजवाव्यात ते लोकांना कळत नव्हतं. स्वयंपाकी काकांनी उभं राहून कडक सलाम ठोकला, दगडाला की देवरावांना ते सांगता येणार नाही.

नंतर सरांनी मला ऑफिसात बोलावलं. "मॅडम, हे काय आहे?"

"लेखनदोष होता सर. दुरुस्त केला."

सर महिनाभर फाटकाशी जीप थांबली की पांढरे पडायचे. कोणी आलं नाही. सरकारला दगड वाचायला सवड नसावी. पण बाबूजींनी आपला अर्ज थेट वरिष्ठांकडेही पाठवला होता. त्याचं उत्तर त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात आलं: तक्रारदार व ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती एकच असल्याचे दिसून येते, तरी नेमक्या कोणाचे म्हणणे ग्राह्य धरावे याचा खुलासा करावा. बाबूजींनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि मी त्यांना पहिल्यांदाच मोठ्याने हसताना पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खुलासा मात्र पाठवला. काय लिहिला ते सांगितलं नाही.

निवृत्त झाल्यावर ते दर शनिवारी खाप्याला जायचे. देवरावांची सून फोनवर सांगायची. "बाबूजी फाटकातून हाक मारते, ओ देवराव! आणि मामाजी तसेच बसून राह्यते. तिसऱ्या-चौथ्या हाकेले म्हणते, कोण, मले काय?" बाबूजी आत यायचे नाहीत. ओ मिळेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहून हाका मारायचे. गावाला आधी मौज वाटली, मग सवय झाली.

मागच्या उन्हाळ्यात बाबूजी गेले. दुपारी जरा आडवे झाले होते, तसेच.

पावसाळा सरल्यावर मी खाप्याला गेले. कशासाठी ते नीट सांगता यायचं नाही. अंगणात कोणी नव्हतं. मी फाटकाशी उभी राहिले आणि जरा संकोचत हाक मारली, "देवरावजी!"

"हो जी, आलो," पहिल्याच हाकेला मागच्या वाडीतून आवाज आला.

हाताची माती झटकत ते बाहेर आले, मला पाहून हसले, फाटक उघडलं. मी आत गेले, तरी ते फाटक धरून तिथेच उभे राहिले, माझ्यामागून आणखी कोणी येतं आहे का, ते रस्त्याकडे पाहत.